चौथी ‘अ’च्या बाई

आमच्या शाळेत शिक्षिकांना कोणी नावाने हाक मारत नसे, वर्गाने मारत. त्या चौथी ‘अ’च्या बाई आणि मी चौथी ‘ब’ची. पुण्याच्या कसबा पेठेतली दुमजली शाळा, वरच्या मजल्यावर टोकाच्या दोन खोल्या, मध्ये लाकडी पार्टिशन. पार्टिशनच्या फळ्या इतक्या विरळ झालेल्या की त्यांच्या वर्गातला पाढा माझ्या वर्गातली मुलं पूर्ण करायची.

मी यवतमाळ जिल्ह्यातून आले होते. डी.एड. झालं, शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली आणि मी पुण्यात येऊन पडले. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना वर्ग लावायला बोलावलं होतं. तेव्हा त्या पहिल्यांदा दिसल्या. कडक स्टार्चची सुती साडी आणि साडीखाली पीटीच्या पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. वय चोपन्नच्या आसपास. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “पुण्यात किती दिवस?”

“झाले असतील अंदाजे दोन महिने.”

“अंदाजे म्हणजे किती?”

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्या हातातलं फडकं थांबवून उभ्याच राहिल्या. मी मनात मोजलं. “एकोणसाठ दिवस.”

“हं. म्हणजे मोजता येतं तुम्हाला,” असं म्हणून त्या पुन्हा फळा पुसायला लागल्या.

अंदाजे, साधारण, बहुतेक, जवळजवळ हे शब्द त्यांच्या वर्गात चालत नसत. दोन दिवस न आलेल्या पोराने “बाई, तब्येत बरी नव्हती” असं सांगितलं की त्या विचारत, “तब्येत हा अवयव कुठे असतो?” मग ते पोर बिचारं पोटाला हात लावून दाखवी, आणि पोटातही बेंबीच्या वर की खाली इथपर्यंत चौकशी होई. मीही एकदा “काहून?” म्हणाले तर लगेच उत्तर आलं, “‘काहून’ कशाला? नुसतं ‘का’ म्हणा. दोन अक्षरं वाचतात.” मी त्या दिवशी डबा न खाता बसले होते. त्यांना ते दिसलं असणार, कारण जाता जाता माझ्या टेबलावर त्यांनी अर्धी गुळपोळी ठेवली.

हजेरी त्या डोळे मिटून घेत. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून. नाव पुकारायचं, डोळे मिटायचे, ‘हजर’ ऐकायचं, मगच खूण करायची. आठवड्याभरात प्रत्येक आवाज त्यांना पाठ व्हायचा. एकदा एका पोराने मित्राच्या नावाला ‘हजर’ म्हटलं. पार्टिशनपलीकडून मला ऐकू आलं, “तू तो नाहीस. तो ‘हजर’ म्हणायच्या आधी नाक ओढतो.” माझ्या वर्गातली मुलंसुद्धा हसली.

आणि ते बूट. ते चालण्यासाठी होते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचे पहिले पंधरा-वीस दिवस शाळा सुटली की त्या रोज दोन-तीन मुलांबरोबर त्यांच्या घरी चालत जायच्या. रिक्षा नाही, बस नाही. घरात बसायच्या नाहीत, चहा घ्यायच्या नाहीत. दारात उभं राहून, मूल अभ्यासाला कुठे बसतं, उजेड कुठून येतो, घरी कोण असतं, एवढं बघायचं आणि परत फिरायचं. मी विचारलं, एवढं कशासाठी? तर म्हणाल्या, “चौथीचं मूल म्हणजे निम्मं माणूस तयार झालेलं असतं. उरलेलं निम्मं आपण बिघडवणार. कुठलं बिघडवतोय ते तरी माहीत नको?”

त्या काळात आमच्यासारख्या शाळांचा पट दर जूनला ओसरत होता. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, पेठेतल्या अरुंद बोळांतून पिवळ्या व्हॅन इंग्रजी शाळांची मुलं गोळा करत फिरत होत्या. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ ‘अ’ वर्गातल्या आपल्या मुलाचा दाखला मागायला आले. म्हणाले, “बाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण पुढचा जमाना कॉम्प्युटरचा आहे. आम्हाला त्याला कॉम्प्युटरमध्ये घालायचाय.”

“घाला,” बाई म्हणाल्या. “मावतोय का ते आधी बघा.”

गृहस्थ गेले. बाईंनी खिडकीतून त्या मुलाला बोळाच्या टोकापर्यंत जाताना बघितलं. मग फळ्याच्या कोपऱ्यात पटाचा आकडा पुसून एकाने कमी केला. तो आकडा पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच मी पाहिलं.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे रोज लिहायची आमच्याकडे पद्धत होती. माझी सगळी गोष्ट त्या दोन आकड्यांची आहे.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला एकोणतीस नावांची यादी दिली होती. त्या दिवसाचं मला नीट काही आठवत नाही. घामाने चिकटलेली साडी, रडणारी दोन पोरं, दारात पालकांची गर्दी, चुकीच्या वर्गात आलेली मुलं. ज्याचं नाव यादीत नाही त्याला मी “ऑफिसात जा” म्हणत होते. किती जणांना म्हटलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. मऊ स्वभावाचा, घाबरट माणूस. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि एक चिठ्ठी पुढे केली. तीवर पाच नावं होती.

“ही तिसरीतून वर चढलेली मुलं. येत नाहीयेत. गेली असतील कुठेकुठे. पण नावं राहू द्या रजिस्टरला.”

“पण सर, ती नाहीतच तर...”

“जुलैअखेर तपासणी आहे. ‘ब’ तुकडीत तेहतीस तरी दिसली पाहिजेत. नाहीतर तुकडी बंद. तुकडी बंद म्हणजे,” ते थांबले, “सगळ्यांत नवीन तुम्हीच आहात. एखाद्या दिवशी हजर लावा, एखाद्या दिवशी गैरहजर. तपासणीच्या दिवशी तिसरीतली चार-पाच उंच मुलं बसवू. सगळीकडे हेच चालतं हो.”

गावाकडे माझ्या नोकरीचे पेढे वाटून झाले होते. मी चिठ्ठी घेतली आणि पाच नावं रजिस्टरच्या शेवटी लिहिली. चौथं नाव कोमल. दोन आठवडे मी त्या पाच नावांपुढे आलटून पालटून ‘ह’ लिहीत गेले. पहिल्या दिवशी प्रत्येक ‘ह’ लिहिण्याआधी दाराकडे बघितलं. चौथ्या दिवसापासून बघितलं नाही. हे मला आज त्या बघण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

एका गुरुवारी मधल्या सुट्टीत बाई माझ्या वर्गात आल्या. मुलं खाली गेली होती. त्यांनी बाकांवरून नजर फिरवली, मग फळ्याकडे बघितलं.

“दप्तरं एकोणतीस आहेत,” त्या म्हणाल्या. “फळ्यावर हजर बत्तीस.”

मी म्हटलं, काही मुलं दप्तर घेऊनच खाली जातात.

“बरं.” त्यांनी टेबलावरचं रजिस्टर उघडलं. शेवटच्या पाच नावांवरून बोट खाली आणलं आणि चौथ्यावर थांबवलं. “ही कोमल. मुलगी आहे. कशी दिसते?”

“सावळी आहे,” मी म्हणाले. “शांत असते.”

“कुठे बसते?”

“तिथे. खिडकीजवळ.”

त्या खिडकीजवळच्या बाकाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “उद्या दाखवा मला.”

शुक्रवारी मी त्यांना टाळलं. मधल्या सुट्टीत मुलांना वर्गातच ठेवलं, चित्रं काढायला लावली. अडीचच्या सुमाराला शिपाई मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, “बाई, कोमलला पाठवा. आई आलीय न्यायला.”

मी काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मावशी, कोमल तर येतच नाही शाळेत.”

“आलीच नाही, तिसरीनंतर,” दुसरी म्हणाली.

मावशींच्या मागे एक बाई उभी होती. पदर खोचलेला, हाताला अजून साबणाचा वास. ती पुढे आली.

“येत न्हाई म्हंजे? म्या रोज सोडते की कोपऱ्यावर. आज बी सोडली.” तिने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, एकेका तोंडावर थांबत. “बाई, कुठं हाय माझी पोरगी?”

तिचा नवरा मार्केट यार्डात हमाल. मे महिन्यात ते कुटुंब कसब्यातली खोली सोडून गुलटेकडीला राहायला गेलं होतं. म्हणून सरांनी मुलगी गेली असं धरलं. पण आईची धुण्याभांड्याची कामं शनिवार पेठेतच होती. ती रोज मुलीला बरोबर आणायची, शाळेच्या बोळाच्या तोंडाशी सोडायची, आणि साडेपाचला त्याच कोपऱ्यावरून घेऊन जायची. त्या दिवशी नवऱ्याच्या पायावर गोणी पडली होती. त्याला दवाखान्यात न्यायचं तर घरच्या तान्ह्याजवळ कोणीतरी हवं, म्हणून ती लवकर आली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की एक नऊ वर्षांची मुलगी सकाळपासून कुठे आहे हे जगात कोणालाही माहीत नाही, आणि माझ्या रजिस्टरमध्ये तिच्यापुढे आजच्या तारखेला ‘ह’ आहे.

पार्टिशनपलीकडचा आवाज थांबला होता. बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळं ऐकू गेलेलंच होतं. मावशींना म्हणाल्या, “दोन्ही वर्गांवर तुम्ही बसा. कोणी बाहेर जायचं नाही.” आणि आम्हा दोघींना घेऊन खाली ऑफिसात आल्या.

बाईंनी सरांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. कोमलची आई भिंतीला टेकून खाली बसली, मग पुन्हा उठली. तिला बसवेना. “नदी हाय इथं,” ती म्हणत होती, “नदी हाय ना जवळच...” सर माझ्याजवळ सरकले, खणातून अर्धं ब्लेड काढलं आणि पुटपुटले, “चौकीवर कळवावं लागेल. पोलीस पहिलं रजिस्टर मागतील. आजचा ‘ह’ तेवढा खरवडा. वर्गातून गेली असं होईल नाहीतर. तुमच्यावर येईल.”

मी ब्लेड घेतलं. हे मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. मी ते घेतलं, आणि पान उघडलं.

बाईंनी माझ्या हातातून रजिस्टर काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. “चौकीवर कळवा,” त्या सरांना म्हणाल्या. “आत्ता, या मिनिटाला. रजिस्टर आहे तसं दाखवेन मी. आधी मूल.”

मग त्या कोमलच्या आईकडे वळल्या. मला वाटलं धीर देतील. त्यांनी तो दिला नाही. विचारलं, “अंगावर काय आहे आज?”

“निळा फराक. शाळंचा न्हाई झाला अजून यंदाचा.”

“वेण्या?”

“दोन.”

“गेल्या पंधरा दिवसांत घरी आली की तिच्यात काय वेगळं दिसायचं? नीट आठवा.”

“काय न्हाई वो. जेवत व्हती. बोलत व्हती.”

“कपडे मळलेले? ओले?”

“न्हाई... वल्ले न्हाई.”

“हात बघितलेत का तिचे?”

आई थांबली. “बोटं कापल्याली असायची. बारीक बारीक. म्या इचारलं तर पेन्सिल तासताना लागलं म्हनली.”

“कुठे कापलेली? दाखवा तुमच्या हातावर.”

तिने आपल्या दोन्ही हातांच्या बोटांवर आतल्या बाजूने आडव्या रेघा ओढून दाखवल्या.

“दोन्ही हातांना,” बाई म्हणाल्या. “पेन्सिल तासताना एका हाताला लागतं.” क्षणभर त्या स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या. मग एकदम उठल्या. “बांबूच्या कामट्या. चला. बुरूड आळी.”

त्या पुढे, आई त्यांच्या मागे, मी सगळ्यांत मागे. मला चपला घालून त्यांच्या बरोबरीने चालता येईना. आई वाटेत प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक देवळाच्या पायरीवर बघत होती. निळा कपडा दिसला की थबकायची. एका दुकानासमोर निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी पाठमोरी उभी होती. आईने धावत जाऊन तिचा दंड धरला, ती दुसरीच कोणी निघाली आणि रडायला लागली. बाई थांबल्या नाहीत. आळीत शिरल्यावर त्या प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारत गेल्या, “निळा फ्रॉक, दोन वेण्या, नऊ वर्षांची?” पहिल्या दारी नाही. दुसऱ्या दारी नाही. चौथ्या दारी एका माणसाने विळ्याच्या टोकाने पलीकडे दाखवलं.

सुपं आणि टोपल्यांच्या ढिगामागे एक म्हातारी परडी विणत होती आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसलेली एक मुलगी तिला एकेक कामटी निवडून देत होती.

ती सावळी नव्हती. गोरी होती, आणि कपाळावर जुन्या जखमेचा व्रण होता.

आईने पहिल्यांदा एक चापट मारली, मग तिला उराशी धरून मोठ्याने रडायला लागली. म्हातारी गांगरली. “आवो मला म्हनली साळा सुरू व्हायचीय. एकली बसत व्हती पायरीवर, म्हनून बसवली. मारू नका लेकराला.”

बाई त्या मुलीपुढे उकिडव्या बसल्या. “शाळेत का आली नाहीस?”

मुलगी आईच्या पदरात तोंड घालून होती. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या बसून राहिल्या.

“आल्ते,” ती म्हणाली. “पयल्या दिवशी आल्ते. त्या बाई म्हनल्या तुजं नाव न्हाई, हापिसात जा.” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “हापिसात लई मानसं व्हती. कुनी आत घेतलं न्हाई. मग म्या भाईर बसले. शाळंतनं नाव काढलं म्हनून आई मारंल, म्हनून सांगितलं न्हाई.”

ज्या दिवशी ती आली त्या दिवशी तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाव आलं, तेव्हा ती नव्हती.

मी तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दारात उभी असेल, काहीतरी म्हणाली असेल, मी उत्तर दिलं असेल. काही म्हणजे काही आठवलं नाही. तेवढ्यात, ऑफिसातलं ‘ह’चं बोलणं कानावर पडलेल्या तिच्या आईने डोळे पुसून मला विचारलं, रागाने नाही, खरोखरच समजत नव्हतं म्हणून, “बाई, तुमी तर हजर लिवलंय म्हनं. मंग हजर कोन व्हतं?”



शाळेकडे परत येताना आई आणि मुलगी पुढे होत्या. बाई माझ्या बरोबरीने चालत होत्या, या वेळी सावकाश. मी वाट बघत होते त्यांच्या जिभेची. बोळाच्या तोंडाशी आल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “यापुढे हजेरी मान वर करून घेत जा.”

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला त्यांच्या वर्गात बोलावलं. पिशवीतून रजिस्टर काढलं आणि लाल शाईचं पेन पुढे ठेवलं. कोमलचे खोटे ‘ह’ अकरा होते, बाकीच्या चौघांचे मिळून एक्केचाळीस. प्रत्येकावर आडवी रेघ, खाली गैरहजर, बाजूला सही. बावन्न सह्या. सर मध्येच आले. दाराशी उभे राहून अजिजीने म्हणाले, “अहो, मुलगी सापडली ना? चौकीवरही तसं कळवलंय. झालं गेलं. तपासणीचे साहेब हे बघतील आणि हिची नोकरी जाईल हो.”

“जाईल,” बाई म्हणाल्या.

मला वाटलं आता त्या ‘पण’ म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की उरलेल्या सह्या मी कागद फाटेल अशा दाबून केल्या.

“उरलेले चौघे कुठे आहेत?” सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मग पुढचे दोन रविवार आम्ही ते शोधत फिरलो. एक कोथरूडच्या इंग्रजी शाळेत होता. आम्हाला बघून टेबलाखाली लपला, त्याला वाटलं परत न्यायला आलो. एक हडपसरला, त्याचा बाप एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाटकावर उभा राहायचा. एक मुलगी मामाकडे गावी गेली होती, तिथल्या गुरुजींचं नाव तिच्या काकूने सांगितलं. चौथ्याचा पत्ता लागायला मंडईत तीन फेऱ्या झाल्या, शेवटी त्याचा चुलता भेटला. पोरगं बारामतीला आजीकडे, शाळेत जातंय. बाईंनी त्या पोराशी चुलत्याच्या ओळखीच्या दुकानातून फोनवर बोलून, इयत्ता, वर्गशिक्षिका सावळी की गोरी आणि आज डब्यात काय होतं इतकं विचारलं, मगच फोन ठेवला. दोन्ही रविवारी आम्ही दिवसभर बरोबर होतो आणि मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

कोमल ‘ब’मध्ये बसायला लागली. माझा पट तीस झाला. तपासणीच्या दिवशी तिसरीतली उंच मुलं आणायला सर धजावले नाहीत, कारण बाई पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या होत्या. साहेबांनी तीस मोजली, बावन्न सह्या पाहिल्या, भुवया उंचावल्या. ऑगस्टमध्ये ‘ब’ तुकडी बंद झाली. माझी मुलं ‘अ’मध्ये गेली, त्या एका खोलीत साठच्या वर पोरं कोंबून बसली. सरांना लेखी खुलासा द्यावा लागला. मी अतिरिक्त ठरले. चार महिने कुठलीच शाळा मिळाली नाही, मग शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावच्या शाळेत पाठवलं. दोन बस बदलून जावं लागायचं. पुढच्या जूनमध्ये सर निवृत्त झाले. ज्येष्ठतेने बाईंचा नंबर होता. संस्थेने त्यांना डावलून दुसऱ्यालाच मुख्याध्यापक केलं. जुन्या शाळेतली एक मैत्रीण सांगत होती की बाई म्हणाल्या, “बरं झालं. त्या खोलीत मुलं येत नाहीत.”

शाळा सोडताना मी त्यांचा निरोप घेतला नव्हता. त्यांच्या वर्गासमोरूनच गेले. आत त्या डोळे मिटून हजेरी घेत होत्या आणि ती काही संपेचना. मी थांबले नाही.

पुढे नोकरी पक्की झाली, लग्न झालं, मी स्वतः बारा वर्षं चौथीच शिकवली. बाईंबद्दल बोलताना मी नव्या शिक्षिकांना त्यांचे ‘तब्येत’चे किस्से सांगायचे, सगळे हसायचे. रजिस्टरचं सांगायचे नाही. त्या बरोबर होत्या हे मला पटलं होतं. पण माझ्या मनात एक गाठ राहिली होती. इतकं निष्ठुर व्हायची काय गरज होती? माझ्यासाठी एक शब्द टाकला असता साहेबांजवळ.

त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, “काय काम काढलंत?” ओळखलं होतं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. मला खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या. इकडचं तिकडचं झालं. कोमल बारावीनंतर नर्सिंगला गेली, हे त्यांनी मला सांगितलं. कुठल्या गावी, कुठल्या वॉर्डात, सगळं.

मग मी एकदाचं विचारलं. “बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडला का नाहीत? आणि सह्या मात्र बावन्न करायला लावल्यात.”

त्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवायला लागल्या.

“त्या दोन आठवड्यांत मी तुमच्या वर्गात सहा वेळा येऊन गेले होते,” त्या म्हणाल्या. “एक चेहरा शोधत.”

“कोणाचा?” मी विचारलं.

“शाळा सुरू झाली त्या दिवशी पावणेबारा वाजता मी पाण्याचा तांब्या भरायला खाली गेले. ऑफिसबाहेर एक मुलगी उभी होती. कपाळावर व्रण. माझ्याकडे बघितलं तिने. ती माझ्या यादीतली नाही एवढं मी ओळखलं आणि तांब्या घेऊन नळाकडे गेले.” त्या थांबल्या. “परत येताना ती नव्हती. मी विचारलं नाही कोणाला. माझ्या वर्गाची नव्हती ना.”

खाली रस्त्यावर कोणीतरी भंगार, रद्दी ओरडत गेलं.

“तुम्ही अकरा दिवसांवर सह्या केल्यात,” त्या म्हणाल्या. “माझा दिवस त्यांच्या आधीचा. त्या दिवशी तिचं नावच रजिस्टरमध्ये नव्हतं. सही करायला रकानाच नाही. मी शोधला.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण काठीवरचा अंगठा थांबला होता. मी उठून त्यांच्याशेजारी पलंगावर बसले. त्यांनी सरकून मला जागा करून दिली.